पक्षाघात : लक्षणे ओळखा, वेळ वाचवा

पक्षाघाताला आपल्याकडे अनेक नावे आहेत. कोणी त्याला अर्धांगवायू म्हणतात, कोणी लकवा म्हणतात, तर खेड्यापाड्यांत 'अंगावरून वारे गेले' असे म्हटले जाते. डोळ्यांना जे दिसते, त्याचे वर्णन या नावांत आहे. चांगला चालता-बोलता माणूस अचानक एका बाजूने लुळा पडतो, तोंड वाकडे होते, वाचा जाते. परंतु या नावांमुळे एक मोठा गैरसमजही घरोघरी रुजला आहे. बिघाड हातापायांत झाला आहे असे समजून कुटुंबीय रुग्णाचे अंग तेलाने चोळतात, शेक देतात, मंत्र-तंत्र करणाऱ्याकडे नेतात किंवा 'सकाळपर्यंत बरे वाटेल' म्हणून वाट पाहतात. प्रत्यक्षात बिघाड हातात किंवा पायात झालेला नसतो. तो मेंदूत झालेला असतो, आणि मेंदूला वाट पाहणे परवडत नाही.

पक्षाघातावर उपचार आहेत. ते वेळेत मिळाल्यास अनेक रुग्ण पुन्हा स्वतःच्या पायांवर उभे राहतात. मात्र हे उपचार काही तासांच्या आत सुरू व्हावे लागतात आणि त्या तासांची सुरुवात रुग्णालयात नव्हे, तर घरात होते. म्हणून पक्षाघात ओळखता येणे ही प्रत्येक कुटुंबाची गरज आहे.

पक्षाघात म्हणजे काय?

मेंदूचे वजन शरीराच्या एकूण वजनाच्या सुमारे २ टक्केच असते. परंतु शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. हा प्राणवायू रक्तातून येतो. मेंदूजवळ त्याचा साठा नसतो. त्यामुळे एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थांबला, की काही मिनिटांतच तेथील पेशी मरू लागतात. यालाच पक्षाघात, मेंदूचा झटका किंवा स्ट्रोक असे म्हणतात.

मेंदूचा प्रत्येक भाग विशिष्ट कार्य करतो. उजवा भाग शरीराच्या डाव्या बाजूचे आणि डावा भाग उजव्या बाजूचे नियंत्रण करतो. बोलणे आणि बोललेले समजणे ही कार्ये बहुतेक माणसांत मेंदूच्या डाव्या भागाकडे असतात. म्हणूनच उजवा हात व पाय लुळा पडलेल्या रुग्णाची वाचाही अनेकदा गेलेली आढळते. लक्षणे शरीरावर दिसत असली तरी त्यांचे मूळ मेंदूत असल्यामुळे हातापायांना कितीही मालिश केली तरी पक्षाघात बरा होत नाही.

पक्षाघात मुख्यतः दोन प्रकारांनी होतो.

पहिल्या प्रकारात मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढचा रक्तप्रवाह बंद होतो. बहुसंख्य रुग्णांत हाच प्रकार आढळतो. ही गुठळी मानेतील किंवा मेंदूतील अरुंद झालेल्या वाहिनीतच तयार होते किंवा हृदयात तयार होऊन रक्तासोबत मेंदूत पोहोचते.

दुसऱ्या प्रकारात मेंदूतील रक्तवाहिनी फुटते आणि रक्तस्राव होतो. अनियंत्रित उच्च रक्तदाब हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे कारण आहे.

दोन्ही प्रकारांची लक्षणे बाहेरून सारखीच दिसू शकतात. मात्र त्यांचे उपचार परस्परविरोधी असतात. पहिल्यात गुठळी विरघळवायची असते, तर दुसऱ्यात रक्तस्राव थांबवायचा असतो. कोणता प्रकार आहे हे अनुभवी डॉक्टरांनाही मेंदूचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय केल्याशिवाय निश्चित सांगता येत नाही. त्यामुळे पक्षाघाताच्या रुग्णाला घरी कोणतेही औषध देणे धोक्याचे ठरते.

लक्षणे कशी ओळखावीत?

पक्षाघाताची मुख्य खूण म्हणजे लक्षणांचा अचानकपणा. पुढील पाच गोष्टी पाच बोटांवर मोजून लक्षात ठेवाव्यात.

१. तोल : अचानक चक्कर येणे, तोल जाणे, चालताना एका बाजूला झुकणे, हातापायांच्या हालचालींत ताळमेळ न राहणे.

२. नजर : एका किंवा दोन्ही डोळ्यांनी अचानक दिसेनासे होणे, धूसर दिसणे किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे.

३. चेहरा : तोंड एका बाजूला वाकडे होणे. रुग्णाला हसायला किंवा दात दाखवायला सांगावे. ओठांचा एक कोपरा खाली ओघळलेला दिसतो का, हे पाहावे.

४. हात : एका बाजूचा हात किंवा पाय अचानक कमजोर अथवा बधिर होणे. रुग्णाला डोळे मिटून दोन्ही हात खांद्याच्या रेषेत समोर धरायला सांगावे आणि मनात दहा अंक मोजावेत. एक हात आपोआप खाली येऊ लागला, तर ते धोक्याचे चिन्ह आहे.

५. वाणी : शब्द अडखळणे, जीभ जड होणे, भलतेच शब्द तोंडातून येणे किंवा आपण बोललेले रुग्णाला न समजणे. 'आज आकाश निरभ्र आहे' असे एखादे साधे वाक्य म्हणायला सांगावे.

यांपैकी एक जरी लक्षण अचानक दिसले, तरी सहावी गोष्ट लगेच लक्षात घ्यावी, ती म्हणजे वेळ. सर्व लक्षणे एकत्र दिसण्याची वाट पाहू नये. यांशिवाय आयुष्यात कधीही झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी अचानक होणे आणि तिच्यासोबत उलटी, गुंगी किंवा बेशुद्धी येणे, हे मेंदूतील रक्तस्रावाचे लक्षण असू शकते.

पक्षाघातात अनेकदा वेदना होत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. छातीत कळ आली, तर माणूस घाबरून दवाखाना गाठतो. हात नुसता बधिर झाला, तर 'हातावर झोपलो असेन' असे म्हणून तो गप्प राहतो. दुखत नाही म्हणून आजार किरकोळ आहे, असे समजू नये.

लक्षणे आपोआप गेली, तर?

काही वेळा तोंड वाकडे होते, बोलणे अडखळते आणि दहा-पंधरा मिनिटांत सर्व पूर्ववत होते. घरातील माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात, रुग्ण पुन्हा कामाला लागतो. याला अल्पकालीन झटका म्हणतात. अशा वेळी गुठळी थोडा वेळ अडकून विरघळलेली किंवा पुढे सरकलेली असते.

हा झटका म्हणजे मोठ्या पक्षाघाताची पूर्वसूचना होय. त्यानंतरचे पहिले दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. त्यामुळे लक्षणे गेली असली तरी त्याच दिवशी, तातडीने रुग्णालयात जावे. या टप्प्यावर कारण शोधून उपचार सुरू केल्यास पुढचा मोठा झटका अनेकदा टाळता येतो.

एकेका मिनिटाचे मोल

मेंदूतील मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्यास उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. एका तासाचा हिशेब ११ कोटींहून अधिक पेशींचा होतो. त्वचेवरची जखम भरून येते, तशा या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. तासाभराच्या विलंबाने रुग्णाचे बोलणे, चालणे किंवा स्वतःच्या हाताने घास घेणे कायमचे जाऊ शकते.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देता येते. मात्र या साडेचार तासांत घरातील विचारविनिमय, वाहनाची शोधाशोध, प्रवास, सीटी स्कॅन आणि रक्ततपासणी हे सर्व येते. रुग्णालयातील तपासण्यांसाठीच तासभर लागू शकतो. शिवाय साडेचार तास ही शेवटची मर्यादा आहे. इंजेक्शन जितके लवकर मिळेल, तितका लाभ अधिक असतो.

हे तास कोठून मोजायचे, याविषयी अनेकांचा गोंधळ होतो. रुग्णाला शेवटचे व्यवस्थित पाहिल्याची वेळ येथे महत्त्वाची असते. समजा, घरातील आजी रात्री १० वाजता सर्वांशी नीट बोलून झोपल्या आणि पहाटे ५ वाजता सुनेच्या लक्षात आले, की त्यांना उजवा हात उचलता येत नाही. अशा वेळी डॉक्टर सात तास उलटून गेले असे धरतात, कारण झटका रात्री नेमका कधी आला, हे कोणालाच ठाऊक नसते. त्याच आजी पहाटे ४ वाजता उठून पाणी प्यायल्या, घरातल्यांशी दोन शब्द बोलल्या आणि पुन्हा झोपल्या असतील, तर हिशेब एकदम एका तासावर येतो व इंजेक्शनचा मार्ग खुला होतो. म्हणून घरातील प्रत्येकाला विचारून ही वेळ निश्चित करावी आणि कागदावर लिहून डॉक्टरांना द्यावी.

साडेचार तास उलटले, म्हणून घरी थांबू नये. मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी असलेल्या काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही ती काढता येते. तसे शक्य नसले तरी पुढील गुंतागुंत टाळण्यासाठी रुग्णालयातील देखरेख आवश्यक असते.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत काय करावे?

- तातडीने रुग्णवाहिका बोलवावी. ११२ हा आपत्कालीन मदतीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासह अनेक राज्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. 'पक्षाघाताचा संशय आहे' असे स्पष्ट सांगावे.
- सीटी स्कॅनची सोय चोवीस तास उपलब्ध असलेल्या रुग्णालयात रुग्णाला न्यावे. ही सोय नसलेल्या दोन-तीन दवाखान्यांत फिरण्यात मोलाचा वेळ जातो.
- रुग्णाला शेवटचे व्यवस्थित पाहिल्याची वेळ लिहून घ्यावी.
- रुग्ण शुद्धीत असेल, तर त्याला आडवे करून धीर द्यावा. तो गुंगीत असेल किंवा उलटी होत असेल, तर त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही.
- गळ्याभोवतीचे व कमरेचे घट्ट कपडे सैल करावेत.
- चालू असलेली सर्व औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि पूर्वीचे अहवाल सोबत घ्यावेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ते आवर्जून सांगावे.
- रुग्णाची माहिती असलेल्या एका व्यक्तीने सोबत जावे.

काय करू नये?

- पाणी, चहा, साखर, औषध किंवा अन्न तोंडावाटे काहीही देऊ नये. पक्षाघातात गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते. अशा वेळी पाण्याचा एक घोटही फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.
- ॲस्पिरिनची गोळी देऊ नये. पक्षाघात रक्तस्रावाचा असेल, तर ती घातक ठरू शकते.
- रक्तदाब वाढलेला आढळला, तरी तो घरच्या घरी एकदम उतरवण्यासाठी गोळी देऊ नये. रक्तदाब झपाट्याने उतरल्यास मेंदूचा उरलासुरला रक्तपुरवठाही कमी होतो.
- मालिश, शेक, बोटांना सुया टोचणे, झाडफूक किंवा पक्ष्यांचे रक्त चोळणे यांत वेळ घालवू नये. यांपैकी कोणताही उपाय मेंदूतील गुठळीपर्यंत पोहोचत नाही.
- घरातील कर्ते माणूस बाहेरगावाहून येईपर्यंत थांबू नये. रुग्णाजवळ जो आहे, त्यानेच निर्णय घ्यावा.

रुग्णालयात काय केले जाते?

रुग्ण पोहोचताच डॉक्टर त्याची तपासणी करतात, रक्तातील साखर पाहतात आणि मेंदूचा सीटी स्कॅन करतात. साखर फार कमी झाल्यासही पक्षाघातासारखी लक्षणे दिसू शकतात; म्हणून ही साधी तपासणीही महत्त्वाची असते. रक्तस्राव नसल्याची खात्री झाली आणि इतर अटी पूर्ण होत असल्या, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले जाते. गुठळी मोठ्या वाहिनीत असल्यास काही रुग्णालयांत मांडीतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन ती बाहेर काढली जाते. रक्तस्राव असल्यास रक्तदाबावर नियंत्रण, मेंदूवरील दाबावर उपचार आणि काही रुग्णांत शस्त्रक्रिया, असा मार्ग घेतला जातो.

इंजेक्शनपूर्वी डॉक्टर नातेवाइकांची संमती घेतात, कारण काही रुग्णांत त्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो. योग्य रुग्णात वेळेवर दिल्यास त्याचा लाभ धोक्यापेक्षा अधिक असतो. मनात शंका असल्यास तेथेच विचारावी. मात्र निर्णयात वेळ दवडू नये.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबांना दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार विनामूल्य मिळतात. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील ज्येष्ठ नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता या योजनेत सामावून घेण्यात आले आहे. योजनेचे कार्ड आधीच काढून ठेवल्यास आणीबाणीच्या वेळी धावपळ होत नाही.

पक्षाघात का होतो?

पक्षाघात 'नशिबात होता' असे म्हटले जाते. शास्त्रीय पुरावा मात्र वेगळे सांगतो. भारतासह ३२ देशांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसून आले, की दहापैकी सुमारे नऊ पक्षाघातांचा संबंध बदलता येण्याजोग्या दहा कारणांशी जोडता येतो. ही कारणे अशी : उच्च रक्तदाब, शारीरिक हालचालींचा अभाव, चुकीचा आहार, स्थूलता (विशेषतः पोटाचा घेर), रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, धूम्रपान, मधुमेह, मद्यपान, मानसिक ताण आणि हृदयाचे विकार.

या यादीत उच्च रक्तदाबाचे स्थान सर्वांत वरचे आहे. त्याच अभ्यासानुसार जवळजवळ निम्म्या पक्षाघातांशी त्याचा संबंध आढळला. सतत वाढलेल्या दाबामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड, कडक आणि ठिसूळ होतात. अशा वाहिन्या अरुंद होऊन बंद पडतात किंवा फुटतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ वर्षांवरील सुमारे २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. उच्च रक्तदाबाचे बहुधा कोणतेही लक्षण जाणवत नाही. 'मला काही त्रास नाही' हा रक्तदाब ठीक असल्याचा पुरावा होऊ शकत नाही. तो मोजूनच कळतो.

हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या एका विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळ्या तयार होतात. त्यामुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो. नाडी अनियमित लागत असेल किंवा छातीत वारंवार धडधडत असेल, तर हृदयालेख म्हणजेच ईसीजी काढून घ्यावा.

तरुण आणि स्त्रिया यांनाही धोका

पक्षाघात हा केवळ म्हातारपणाचा आजार नाही. आपल्या देशात तो तिशी-चाळिशीतही दिसतो. लहानपणी झालेल्या संधिवाताच्या तापामुळे हृदयाच्या झडपा खराब झालेल्या असल्यास तरुण वयातही गुठळी मेंदूत जाऊ शकते. सिकलसेल आजार असलेल्या मुलांमध्येही पक्षाघाताचा धोका असतो. त्यांची तपासणी नियमितपणे करून घ्यावी.

बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत मेंदूतील अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या शिरांत गुठळी होण्याची शक्यता वाढते. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची प्रथा काही घरांत आहे. शरीरातील पाणी कमी होऊन रक्त घट्ट होत असल्याने ही प्रथा या धोक्यात भर घालते. बाळंतिणीला पुरेसे पाणी द्यावे. तिचे डोके सतत व वाढत्या तीव्रतेने दुखत असेल, अंधूक दिसत असेल किंवा फिट आली असेल, तर 'बाहेरची बाधा' समजून वेळ न दवडता तिला रुग्णालयात न्यावे. गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या स्त्रियांनी प्रसूतीनंतरही तो तपासत राहावे. गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, धूम्रपान आणि अर्धशिशीचा त्रास यांविषयी डॉक्टरांना सांगावे.

प्रतिबंध : रोजच्या जगण्यातील सहा सवयी

रक्तदाब मोजावा. ३० वर्षांवरील प्रत्येकाने वर्षातून किमान एकदा रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. आयुष्मान आरोग्य मंदिर आणि प्राथमिक आरोग्य केंद्र येथे ही तपासणी विनामूल्य होते. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू टाळावी, पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली आणि हात हृदयाच्या पातळीवर असावा. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा अधिक आढळल्यास उपचार सुरू करावेत.

औषध बंद करू नये. 'आता रक्तदाब नॉर्मल आला' म्हणून गोळी सोडणे ही फार मोठी चूक आहे. रक्तदाब गोळीमुळे नॉर्मल आलेला असतो. वरचा आकडा १० अंकांनी कमी ठेवला, तरी पक्षाघाताचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने घटतो. सण, लग्न, यात्रा, शेतीचा हंगाम या काळातही गोळ्या सोबत असाव्यात.

मीठ कमी करावे. दिवसाकाठी एका माणसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट भरलेल्या चहाच्या एका चमच्याहून कमी, एवढी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. यात स्वयंपाकातील मिठाबरोबरच लोणचे, पापड, फरसाण, वेफर, सुकी खारवलेली मासळी आणि पाकीटबंद पदार्थ यांतील मीठही येते. ताटात वरून मीठ घेणे थांबवावे. ज्वारी, बाजरी, डाळी, पालेभाज्या व फळे यांचे प्रमाण वाढवावे. तेच ते तेल पुनःपुन्हा तापवून वापरू नये.

तंबाखू सर्व रूपांत सोडावी. विडी-सिगारेटबरोबरच गुटखा, खैनी आणि मिश्री यांतील निकोटीनही रक्तवाहिन्या आकुंचित करते. घरातील स्त्रिया दात घासण्यासाठी मिश्री लावतात, ती 'व्यसन' म्हणून मोजली जात नाही. परंतु शरीराला तिचा अपाय होतोच. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ या विनामूल्य राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मिळते. मद्यही टाळावे.

शरीर हलते ठेवावे. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे, सायकल चालवणे किंवा तत्सम व्यायाम करावा. रोजची २० ते ३० मिनिटेही पुरेशी ठरतात.

मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि झोप यांकडे लक्ष द्यावे. झोपेत मोठ्याने घोरणे व श्वास अडकणे यांचाही पक्षाघाताशी संबंध असतो. तसे आढळल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पक्षाघातानंतरची काळजी

रुग्णालयातून घरी आल्यावर उपचार संपत नाहीत. एकदा झटका आलेल्या व्यक्तीला पुन्हा झटका येण्याचा धोका असतो. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली औषधे त्यांना न विचारता बंद करू नयेत.

भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, लवकर सुरू करून चिकाटीने चालू ठेवावी. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. त्यानंतरही ती मंद गतीने सुरू राहू शकते. मेंदूतील शाबूत भाग सरावाने काही कामे नव्याने शिकतो, म्हणून तोच व्यायाम पुनःपुन्हा करून घ्यायचा असतो.

घरी शुश्रूषा करताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात. अंथरुणावर असलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे पाठीला व कमरेला जखमा होणार नाहीत. रुग्णाला उठवताना लुळा हात धरून ओढू नये; त्यामुळे खांद्याचा सांधा निखळतो. पाठीमागे व कमरेला आधार द्यावा. जेवण भरवताना रुग्णाला ताठ बसवावे, लहान घास द्यावेत आणि जेवणानंतर अर्धा तास बसूनच राहू द्यावे. बोलता न येणाऱ्या रुग्णाला बहुधा आपले बोलणे बरेचसे समजत असते. त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो तेथे नसल्यासारखे बोलू नये.

पक्षाघातानंतर साधारण तीन रुग्णांपैकी एकाला नैराश्य येते. गप्प बसणे, रडू येणे, व्यायाम नाकारणे हा हट्ट किंवा आळस नव्हे, उपचार करता येण्याजोगा आजार आहे. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचीही दमछाक होते. बहुतेक घरांत हा भार एकाच स्त्रीवर पडतो. तो कुटुंबाने वाटून घ्यावा. मानसिक आधारासाठी टेलिमानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध आहे.

आजच करावयाची चार कामे

१. आपल्या घराजवळ सीटी स्कॅनची चोवीस तास सोय असलेले रुग्णालय कोणते, याची चौकशी आशा कार्यकर्तीकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी. रात्री तेथे कसे पोहोचायचे, हेही ठरवून ठेवावे.

२. त्या रुग्णालयाचे नाव, रुग्णवाहिकेचा क्रमांक आणि घरातील प्रत्येकाची चालू औषधे एका कागदावर लिहून तो सर्वांना दिसेल अशा जागी लावावा.

३. तोल, नजर, चेहरा, हात, वाणी आणि वेळ हे सहा शब्द घरातील सर्वांकडून, शाळकरी मुलांकडूनही, पाठ करून घ्यावेत. दुपारच्या वेळी आजी-आजोबांजवळ घरात अनेकदा नातवंडेच असतात.

४. घरातील ३० वर्षांवरील ज्यांनी गेल्या वर्षभरात रक्तदाब मोजलेला नाही, त्यांनी या आठवड्यात तो मोजून घ्यावा.

पंचविशी ओलांडलेल्या दर चार माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी पक्षाघात होण्याची शक्यता असते, असा जागतिक अंदाज आहे. चार माणसांच्या कुटुंबासाठी हा आकडा दूरचा नाही. रक्तदाब ताब्यात ठेवल्यास त्यांतील कित्येक झटके टाळता येतील. आणि झटका आलाच, तर लक्षण ओळखून पहिल्या काही मिनिटांत रुग्णवाहिका बोलवणारे माणूस घरातच असेल.